मोटेचं कडं आणि परदेशातला क्रूस

"सुट्टीत स्मशान बघायला आलोय काय आपण?" असं म्हणून आमची ही कंपाऊंडबाहेरच्या बाकड्यावर बसली ती उठलीच नाही. आणि वर लेकीला बजावलं, घरी गेल्यावर आधी तुझ्या पप्पांना आंघोळीला पाठव.

झालं असं की मे महिन्यात म्युनिकला लेक-जावयाकडं गेलो होतो. एका रविवारी लेक म्हणाली चला पप्पा, जरा खेडेगाव दाखवते, म्हणून रेल्वेनं दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याकडं गेलो. गाव म्हणजे काय, चाळीसेक घरं, एक गोठा, हॉटेल एक, आणि मधोमध चर्च, त्याचा कळस अगदी कांद्यासारखा, तिकडं सगळीकडं तसेच असतात म्हणे. चर्चला लागूनच दफनभूमी. तिकडची दफनभूमी म्हणजे आपल्याकडच्यासारखी गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं, दिवेलागणीनंतर पोरं जायला भितात अशी नसते, गावाच्या पोटातच असते. प्रत्येक कबर म्हणजे छोटी बाग, लाल काचेतले दिवे, आणि फाटकाजवळ लोखंडी स्टँडला हिरव्या झाऱ्या ओळीनं टांगलेल्या, ज्याला पाणी घालायचंय त्यानं घ्यायची आणि परत टांगायची. त्या झाऱ्या बघून मला आपल्या तालमीतल्या खुंट्यांची आठवण आली, का ते माहीत नाही.

तर कबरींवर दगडी क्रूस कमी आणि लोखंडीच जास्त. वेलबुट्टी, पानं, मुरड घातलेल्या पट्ट्या, कुठं सोनेरी रंग, आणि मधे एक छोटी पेटी, तिला बारकं दार. दार उघडलं की आत माणसाचं नाव. लेकीनं सांगितलं तिकडं कबरीची जागा कायमची नसते, ठरावीक वर्षांच्या भाड्यानं असते, मुदत वाढवली नाही तर जागा दुसऱ्याला. म्हणजे क्रूस तोच ठेवून आतलं नाव बदललं तरी चालतंय. मला हे लय आवडलं. आमची ही बाहेरनं ऐकत होती, ती म्हणाली म्हणजे मेल्यावर पण भाड्याच्याच घरात.

पण मी सांगणार होतो ते त्या वेलबुट्टीवाल्या क्रूसांचं नाही. कोपऱ्यात, भिंतीला धरून, एक उंच साधा क्रूस होता, माझ्या डोक्याच्या वर हातभर. लांबनं मला ते लाकूड वाटलं. खरंच सांगतो, जुन्या वाड्याच्या सागवानी खांबाला पावसानं जशा उभ्या रेघा पडतात तशा रेघा, वरनं खालपर्यंत. जवळ गेलो, नख मारलं, तर गार. लोखंड! आणि मग माझं जे काय झालं ते झालं, मी तिथं पाऊण तास उभा.

मी आयुष्याची चौतीस वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीत काढली. मोल्डिंगपासून सुरुवात, मग पोरिंग, शेवटी शेवटी रिजेक्शन का आलं याचं उत्तर देणे ही नोकरी. आमचं लोखंड म्हणजे बीड, ओतीव. पाण्यासारखं पातळ होतं, वाळूच्या साच्यात ओतायचं, गार झालं की फोडून काढायचं. कोल्हापूरचं नाव त्याच्यावर झालं, उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून. बीडात कार्बन दोन ते चार टक्के, म्हणून ते बाराशे डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि म्हणूनच वरनं पडलं की बशीसारखं फुटतं. पण बीडाला रेघा पडत नाहीत. आत्ताच्या एम.एस.ला, म्हणजे माइल्ड स्टीलला, पण पडत नाहीत, ते गंजलं की खड्डे पडतात नाहीतर पापुद्रे निघतात. लाकडासारखी रेघ पडते ती एकाच लोखंडाला, घडीव. इंग्रजीत रॉट आयर्न म्हणतात ते.

आता तुम्ही म्हणाल रॉट आयर्नचं गेट तर आमच्या पण बंगल्याला आहे. नाही हो, नाही. मी पण फसलोय. घर बांधलं तेव्हा एका फॅब्रिकेटरनं मला, फौंड्रीवाल्याला, रॉट आयर्नचं गेट म्हणून जे विकलं ते साधे एम.एस.चे चौरस बार पिळून वेल्डिंग मारलेलं होतं, दोन पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी फुगलं. डिझाईनला रॉट आयर्न म्हणायची पद्धत पडलीय, मालाला नाही. खरा माल आता बनतच नाही जवळजवळ. इंग्लंडात बोल्टन म्हणून गाव आहे, तिथला शेवटचा मोठा कारखाना १९७०च्या दशकात बंद पडला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी सगळं ह्याचंच, आयफेल टॉवर बघायला जाता ना, १८८९ चा, सात हजार टनांच्या वर लोखंड, ते घडीवच. पण १८५६ ला बेसेमरनं पोलाद स्वस्तात करायची रीत काढली आणि हळूहळू ह्याचा बाजार उठला.

घडीव लोखंड आणि आपल्या बीडाचा फरक असा, की ते कधी वितळतच नाही. निदान जुन्या काळात वितळत नव्हतं. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशे डिग्रीच्या वर लागतात, तेवढी आच चामड्याच्या भात्यानं कुठनं येणार. मग मातीच्या भट्टीत कोळसा आणि खनिज थर देऊन पेटवायचं, आत लोखंड सुटतं पण पातळ होत नाही, चिखलाच्या गोळ्यासारखं, भोकाभोकाचं, मळीनं, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या कचऱ्यानं, भरलेलं निघतं. तो गोळा लालभडक असतानाच ठोकायचा. ठोकलं की मळी पिचकारीसारखी बाहेर उडते. परत तापवायचं, परत ठोकायचं, लांबवायचं. तरी थोडी मळी आत राहतेच, आणि लोखंड लांबवताना ती पण ताणली जाते, दोऱ्यासारखी. म्हणून रेघ. कार्बन जवळजवळ नाहीच, त्यामुळं मऊ, वाकतं, पण तुटत नाही पटकन.

हे सगळं मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही बरं का. थोडं फौंड्रीतल्या मेटलर्जीच्या साहेबांनी सांगितलं, बाकीचं आज्ज्याचं. आम्ही लोहार. भुदरगडकडचं आमचं गाव, वेदगंगेच्या काठाला. आज्जा बलुतेदार, वर्षाचं धान्य घ्यायचा आणि सगळ्या गावाचे फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाडी बघायचा. आज्जी भाता ओढायची. मी नववीत असताना आज्जा गेला, त्याच्या आधी चार-पाच उन्हाळे मी त्या भात्याजवळ बसलोय.

तर त्या क्रूसाकडं येतो. मी आधी मधला जोड बघितला. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथं भेटतात तिथं आपण आता काय करतो, वेल्डिंग, फार तर खाच पाडून बोल्ट. तिथं काहीच नव्हतं. उभ्या बारला मधे फुगवटा होता, सापानं बेडूक गिळल्यावर दिसतं तसा, आणि आडवा बार त्या फुगवट्यातनं आरपार गेला होता. मी हसलोच. कारण हे आज्जा करायचा! ड्रिलनं भोक पाडलं की लोखंड कमी होतं, बार तिथं कमजोर होतो. लोहार भोक पाडत नाही, तो लाल लोखंडाला छिन्नीनं चीर देतो आणि मग सुंभ्यानं, म्हणजे जाड टोच्यानं, ती चीर फाकवतो, लोखंड कुठंच जात नाही, फक्त बाजूला सरकतं, म्हणून फुगतं. कुऱ्हाडीला दांडा बसायचं भोक असंच होतं. आज्जा म्हणायचा, लोखंडाला जागा मागायची, कापून घ्यायची नाही.

वरच्या टोकाला बार चिरून दोन बाजूला मुरडला होता, डावी मुरड नीट गोल आणि उजवी जरा चपटी. मी लेकीला म्हटलं हे बघ, ह्या माणसाचं उजवीकडची मुरड घालताना लोखंड गार व्हायला लागलं होतं, परत तापवायचा कंटाळा केलाय त्यानं. नाहीतर संध्याकाळ झाली असेल. लेक म्हणाली पप्पा तुम्ही काय पण. पण मला ते दिसत होतं. मुरडीच्या आतल्या बाजूला हातोड्याचे ठसे एकाखाली एक, शेवटचे तीन-चार घाईनं मारलेले, तिरके. कित्येक शतकांपूर्वीची ती घाई, तिथंच.

एक म्हातारी बाई तिथं फुलांना पाणी घालत होती. मी असा क्रूसाला नाक लावून उभा बघून आली. लेकीनं दुभाषीपणा केला. ती म्हणाली हा मध्ययुगातला आहे, गावातला सगळ्यात जुना, कुणाच्या कबरीचा ते कुणालाच माहीत नाही, त्याच्याखाली आता कुणी नाही. गावातल्या प्रत्येक पोरानं त्याच्यावर चढून एकदा तरी मार खाल्लाय, मी पण. मग तिनं विचारलं तुम्ही पाद्री आहात का? लेक म्हणाली नाही, लोहार. तेव्हा त्या बाईनं झारी खाली ठेवली, आणि माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. आता माझे हात काय, फौंड्रीतनं निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, एक भाजल्याचा डाग सोडला तर कारकुनाचे म्हणून खपतील. मला जरा लाजल्यासारखं झालं.

पायथ्याला क्रूस दगडात बसवलेला होता आणि फटीत शिसं ओतलेलं, करड्या रंगाची कड दिसत होती. हे पण आपलंच वाटलं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं आपण शाळेपासून ऐकतो, ते काय आणि हे काय, दगडात लोखंड पक्कं करायचं तर शिशासारखं दुसरं काही नाही. आणि गंज सगळ्यात जास्त तिथंच होता, दगडाला टेकतं तिथं पाणी साठतं ना. बाकी अंगावर गंज काळपट, वरवरचा. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, सात मीटरच्या वर उंच, सहा टनांपेक्षा जास्त वजन, त्याच्यावर आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम सरांनी अभ्यास केला, की त्यात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळं वर एक पातळ थर धरतो आणि तो आतल्या लोखंडाला राखतो. ह्या क्रूसाचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशावर केलेलं लोखंड आणि दगडी कोळशावरचं ह्यात फरक पडतोच, दगडी कोळशातनं गंधक येतं आणि गंधक लोखंडाला वाईट.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, स्मशानच बघायचं होतं तर फ्लॉरेन्सला तरी जायचं होतं, राजाराम महाराजांची छत्री तरी बघून झाली असती." बरोबरच होतं तिचं. १८७० ला आपले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना तिथं वारले, वय जेमतेम वीस, आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथं छत्री आहे. कोल्हापूरच्या माणसानं युरोपात जाऊन नमस्कार करायची ती जागा, आणि मी कुणाच्या तरी बिननावाच्या क्रूसापुढं पाऊण तास. पुढच्या खेपेला नक्की, असं कबूल करून बसलोय.

कोल्हापुरात आल्यावर चैन पडेना. म्हटलं आज्ज्याकडचं लोखंड कुठलं होतं? गावाकडं गेलो. धाकटा भाऊ असतो तिथं, आज्ज्याची पडवी आता स्कूटर लावायला. माळ्यावर चढून धुंडाळलं तर बैलगाडीच्या धावेचा एक अर्धा तुकडा सापडला, आणि मोटेचं कडं. मोट बघितलेली माणसं आता कमी, म्हणून सांगतो, विहिरीचं पाणी वर काढायच्या चामड्याच्या मोटेचं तोंड उघडं राहावं म्हणून तिला लोखंडी कडं असायचं, अंगठ्याएवढं जाड, मुलाला कवेत घेता येईल एवढं मोठं.

आधी ग्राइंडर लावला. ठिणगीवरनं लोखंड ओळखायचं हे फौंड्रीतलं पहिलं शिक्षण, बीडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, पोलादाची लांब आणि टोकाला फुटणारी, जितका कार्बन जास्त तितकी फुलबाजी. धावेची ठिणगी फुटली. म्हणजे साधं एम.एस. माझा निम्मा उत्साह तिथंच गेला. कारण लहानपणीची सगळ्यात भारी आठवण ती, धाव बसवायची: शेणीच्या जाळात धाव लाल करायची, चौघांनी सांडशीनं उचलून चाकावर घालायची, लाकूड पेट घेतंय तोवर घागरीनं पाणी, आणि धाव आवळताना सगळं चाक कुरकुरायचं. आणि ते लोखंड निघालं कुठल्या तरी गिरणीतलं.

मग कड्याला लावला. ठिणगी लांब, सरळ, गव्हाच्या काडीच्या रंगाची, आणि टोकाला फुटेचना. भावाला म्हटलं हॅक्सॉ आण. तो म्हणाला दादा कशाला, आज्ज्याची आठवण हाय ती. पण मला राहवेना, निम्म्यापर्यंत कापलं, व्हाईसमध्ये धरलं आणि हातोड्यानं वाकवलं. एम.एस. असतं तर एक तर वाकून बसलं असतं किंवा कडकन दाणेदार तुटलं असतं. हे फाटलं. ऊस मोडताना जसा साल धरून चिरफाळतो, धागे लोंबतात, तसं. लोखंडाचे धागे, बोटाला टोचणारे, आणि मधे मधे काळी रेघ, ती मळी. भाऊ वाकून बघत म्हणाला, आयला, हे तर चिपाड हाय.

हे लोखंड आलं कुठनं? परदेशातनं बोटीनं आलेलं असू शकतं, तेव्हा विलायती घडीव लोखंड बाजारात यायचंच. पण सह्याद्रीत महाबळेश्वरपासून खाली आपल्या घाटमाथ्यापर्यंत धावड लोक जांभ्यातनं लोखंड काढायचे, जंगलात कोळसा पाडून, मातीच्या भट्टीत. पुढं जंगलाचे कायदे कडक झाले, विलायती माल स्वस्त पडायला लागला, आणि त्या भट्ट्या विझल्या. आज्जा म्हणायचा जुनं लोखंड धावडाचं, ते वेगळंच. तेव्हा मला वाटायचं धावड म्हणजे कुणीतरी एक माणूस असेल, दुकानदारासारखा. मी काही विचारलं नाही. नववीतला पोरगा काय विचारणार.

आता गंमत अशी झाली की कडं मोडलं, आणि भाऊ बोलेना. चहा पण वहिनीनं आणून दिला, तो आला नाही. म्हटलं जोडून देतो. गारगोटीला एका वर्कशॉपात नेलं तर तो पोरगा म्हणाला, काका, वेल्डिंग मारतो की, दोन मिनिटाचं काम. मी म्हटलं वेल्डिंग नको. तो म्हणाला मग काय पाहिजे? त्याला काय सांगणार.

परत येताना कागलच्या अलीकडं हायवेला घिसाड्यांचं पाल दिसलं. नवरा-बायको, एक रांगतं पोर, जमिनीत खड्डा करून भट्टी, भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा. विळे-कोयते ओळीनं मांडलेले. गाडी थांबवली, कडं दिलं. त्या गड्यानं फाटलेलं टोक उन्हाकडं धरलं, बोट फिरवलं आणि बायकोला म्हणाला, "जुनं हाय. जुळतंय हे." बस, एवढंच.

दोन्ही टोकं तापवून तिरकी चपटी केली, एकावर एक येतील अशी. मग परत आच. लाल झालं, पिवळं झालं, मी मनात म्हणत होतो अजून, अजून, आज्जा म्हणायचा लोखंडाला घाम फुटेपर्यंत थांबायचं. पांढरं झालं आणि बारीक ठिणग्या उडायला लागल्या तशी त्यानं रस्त्याकडंची मूठभर बारीक माती वर टाकली. आज्जा वेदगंगेची वाळू टाकायचा, काम तेच, वरचा गंज वितळून निघून जातो. मग कडं ऐरणीवर. त्यानं बारक्या हातोडीनं जागा दाखवायची, टिंग, आणि बायकोनं तिथंच घण घालायचा. टिंग, धाड. टिंग, धाड. पदर कमरेला खोचलेला, दर घणाला तोंडानं हुं. माझ्या आज्जीनं घण कधी मारला नाही, पण भाता ओढताना आवाज हाच असायचा. तीन वेळा तापवलं. चौथ्यांदा नुसता आकार नीट केला आणि ऐरणीवर हलकी हातोडी मारून बंद केलं, काम संपलं की मारतात ती.

जोड कुठं आहे हे शोधायला मला बोट फिरवावं लागलं. दीडशे रुपये म्हणाला, मी दोनशे दिले, त्यानं पन्नास परत केले.

गार करायला कडं बादलीत टाकलं होतं, ते बाहेर काढून माझ्या हातात देताना त्याची बायको म्हणाली, "मोटेचं हाय न्हवं? मोट कुठाय तुमची आता?"

म्हटलं मोट नाही ओ, विहीर पण बुजवली.

"मग ह्याचं काय करणार?"

लेकीला फोटो पाठवलाय. भावाच्या पडवीत खुंटीला लावलंय कडं, त्याच्याखाली स्कूटर.